नखाची खूण

"घरात उंदीर झालेत का?" मनगट दिव्याखाली ओढत सिस्टरने विचारलं.

धाकटी हसली नाही. वहिनीने हाताला धरून आणलं नसतं, तर ती या ड्रेसिंगच्या खोलीची पायरीही चढली नसती. सहा आठवडे झाले, जखम भरत नव्हती. रक्तातली साखर तपासून झाली, दोन मलमं बदलून झाली. घरात सगळ्यांनी तर्काचे घोडे दमवले. खरं कारण एकट्या धाकटीला ठाऊक होतं. खपली धरली, की ती नखाने काढून टाकायची.

शेवटच्या सकाळी आईने तिचं मनगट धरलं होतं. धाप इतकी, की नखं मांसात रुतली. मग पकड सुटली, ती सुटलीच. पुढे घरात आवराआवर झाली. आईचे कपडे गेले, पलंग गेला, चष्मासुद्धा कुणाला तरी देऊन झाला. धाकटीकडे एवढंच उरलं होतं, आणि तिची स्वतःची कातडी ते पुसायला उठली होती.

हे तिने वहिनीलाही सांगितलं नव्हतं. सिस्टरपुढे मात्र बोलून गेली. सिस्टर जखमेकडे बघत होती, तिच्याकडे नाही, म्हणून असेल.

सिस्टरने उपदेश केला नाही. भिंग पुढे ओढलं आणि बघा म्हणाली. लाल मांसाच्या कडेला केसाएवढी, मोत्याच्या रंगाची रेघ होती. ती नवी त्वचा. काठावरच्या पेशी आपली जागा सोडून निघतात, सिस्टर सांगत गेली. खपलीखाली वाट नसते. मग त्या एन्झाइम सोडतात, आडवे आलेले धागे कापतात आणि सरपटत पुढे जातात, चहूबाजूंनी. समोरून येणारी पेशी टेकली, की थांबतात. त्यानंतरही आत काम संपत नाही. घाईत घातलेले धागे पुन्हा कापायचे, ताण असेल तसे नव्याने विणायचे. वर्ष वर्ष चालतं ते. तुम्ही रोज त्यांना उखडून टाकता, आणि त्या रोज पुन्हा निघतात.

धाकटीचा डोळा भिंगावरून हलेना. एवढी पुस्तकं वाचली, आणि हे राबणं स्वतःच्या मनगटावर चाललेलं तिला माहीत नव्हतं.

"म्हणजे त्या पुसणारच," ती हळूच म्हणाली.

"ह्यात आईचं काय उरलंय, ताई? चार खुणांचा तुम्ही एक खड्डा केलात. हा तुमच्याच नखांचा."

धाकटीने मान खाली घातली. सिस्टरने जखम पुसली, पट्टी गुंडाळायला मनगट उलटं केलं आणि तिचा हात थांबला. तिने भिंग तिथे सरकवलं.

हाताच्या आतल्या बाजूला आईचा अंगठा टेकला होता. तिकडे धाकटीचं कधी लक्षच गेलं नव्हतं. ती जखम केव्हाच भरली होती. तिथे एक गुलाबी, किंचित उंचावलेली कोर होती. आईच्या अंगठ्याच्या नखाचा एक कोपरा कायम उडालेला असायचा. पेशींनी तो उडालेला कोपरासुद्धा तसाच विणला होता.