पालथी बंदूक

रविवारी सकाळी दहा वाजता, जुन्या बंदुकांच्या हौशी मंडळाच्या मैदानावर मंडळाच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या सुनेने प्रथमच जुळवलेल्या, गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या चकमकीच्या बंदुकीची परीक्षा झाली. ठिणगीनंतर बार किंचितही रेंगाळला, तर मंडळाचे काम दुसऱ्या कारागिराकडे जाणार होते. “सुनेच्या हाती बंदूक दिलीत, उस्ताद; आता घरात जपून बोला,” मंडळाचे चिटणीस हसले. “जपूनच बोलतो,” उस्ताद म्हणाले. “सूनबाई, पालथी धरून उडव.” सारे चपापले. बंदूक पालथी असताना झाकण उघडताच त्याआडची रंजकाची, म्हणजे बार पेटवणारी, दारू सांडू लागते आणि ठिणगीला ती हवेतच गाठावी लागते. हे धाडस उस्तादांनी स्वतःच्या कामावरही कधी केले नव्हते. सुनेने बंदूक उलटवली आणि चाप ओढला. ठिणगी आणि बार एकाच क्षणी झाले. धूर विरताच चिटणीस म्हणाले, “बंदुका तुमच्याच हाती राहतील.” “माझ्या नव्हे, तिच्या,” उस्ताद म्हणाले. “तिची जुळणी माझ्याहून सरस आहे.”