बंद पुलावरचा ठेका

"पूल बंद होऊन महिना झाला. मग रोज संध्याकाळी त्याला हलवतं कोण?" पुलावर बसवलेल्या सेन्सरचा आलेख बघून मी चक्रावले. जुन्या काँक्रीटमध्ये किती ताकद उरलीय, ते मी संगणकावर मॉडेल करून तपासत होते. मॉडेलच्या मते पूल पाडायच्याच लायकीचा होता.

शेवटी स्वतःच जाऊन पाहिलं. बॅरिकेडच्या पलीकडे, पुलावरच, ढोलपथकाचा सराव रंगला होता.

"बोर्ड वाचता येत नाही?" मी खेकसले.

"ताई, गणपती तोंडावर आलेत. दुसरी जागाच मिळत नाही हो," पथकप्रमुख मुलगी गयावया करत म्हणाली.

हाकलणारच होते, तेवढ्यात पायाखालचा पूल थरथरला. मी लॅपटॉपवर सेन्सरचा आलेख उघडला. "जरा लय वाढव. अजून. हां, हीच धर!"

पूल जितका कमकुवत, तितका संथ डुलतो. हा मात्र मॉडेलने सांगितल्यापेक्षा कितीतरी जलद ठेक्याला साथ देत होता. म्हणजे माझंच गणित चुकलं होतं.

"अगं, पूल भक्कम आहे! माझा अहवाल गेला की गाड्या सुरू!"

तिचा चेहरा पडला.

"ताई, मग अहवाल विसर्जन झाल्यावरच द्या ना!"