आठवा अर्थ

"इंग्रजीची मोठी डिक्शनरी पाह्यजे होती, मॅडम. घरी नाही नेत. एकच शब्द पाहाचा हाये."

रुपालीनं मान वर केली. टेबलापलीकडे पंचविशीतली एक बाई उभी होती. हातात प्लास्टिकची फाईल, पायांवर धूळ. बुलढाण्याच्या त्या वाचनालयात सकाळी अकराला पेपर चाळणारे दोन-चार पेन्शनर आणि स्पर्धा परीक्षेची पोरं सोडली तर कुणी फिरकत नसे.

"सभासद आहात का?"

"नाही जी. धामणगाव बढेवरून आली मी. तीन वाजता कोर्टात तारीख हाये."

"कोणता शब्द?"

बाईनं फाईल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. एका शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती. इश्यू.

"अर्थ मले माहीत हाये," ती म्हणाली. "बारावी पास हाओ मी. इश्यू म्हंजे भानगड. आपन म्हंतोच ना, काही इश्यू नाही. फक्त पक्कं करून घ्याचं होतं. हा माह्या नवऱ्याचा अर्ज. त्यायनंच लिहून देल्लं, या लग्नात काही इश्यू नाही. मंग सोडचिठ्ठी काऊन मागून राह्यले? मले वाटते, त्यायच्या मनात नसन. सासूनं जबरदस्तीनं सही घेतली असन."

बोलता बोलता तिचा चेहरा खुलला होता.

रुपालीनं कागद हातात घेतले. तिनं पहिलं पान काढलं. अर्जदार गजेंद्र, गैरअर्जदार पूनम. पान खालपर्यंत वाचून झाल्यावर तिनं ते पुन्हा वरून वाचायला घेतलं.

"पूनम तूच?"

"हाव."

"बस. पाणी घे."

कपाटातून जाडजूड डिक्शनरी काढून तिनं दोघींच्या मध्ये उघडली आणि एकेक अर्थ वाचू लागली. "पहिला, देणं, वाटणं. मी इथं दिवसभर पुस्तकं इश्यू करते, तो. दुसरा, मासिकाचा अंक. मग बाहेर पडणं, वाहणं. चौथा, मुद्दा. कोर्ट ठरवते ते मुद्दे. पाचवा, वाद. सहावा, अडचण."

"हाच!" पूनम म्हणाली. "हाच ना?"

तिथं थांबता आलं असतं. रुपालीचं बोट दोन ओळी खाली सरकलं.

"आठवा. संतती."

पूनमला लगेच उमगलं नाही. मग तिनं स्वतः वाकून ती ओळ वाचली.

"या लग्नातून लेकरू झालं नाही, एवढंच लिहिलं हाये त्यात," रुपाली हळू म्हणाली. "अन् खाली लिहिलं हाये, दोष तुह्यात हाये. तू तो लग्नाआधी लपवला."

पेन्शनरांपैकी एकानं पेपरचं पान उलटलं. पूनमनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही.

"तुही तपासणी झाली?" रुपालीनं विचारलं.

"दोन डाव. अकोल्याले. डॉक्टर म्हने, काहीच दोष नाही."

"अन् त्याची?"

"मी एकडाव म्हनलं, तुमीही दाखवून घ्या. भरलं ताट फेकून देल्लं त्यायनं."

"अन् महिनाभर बोलला नसन."

"हाव. तुमाले कसं समजलं?"

"असंच करतात," रुपाली म्हणाली.

पूनम फाईलच्या कडेवर नख घासत राहिली. "पहिल्या बायकोचंही असंच झालतं म्हने. चार वर्सं राह्यली, लेकरू नाही, मंग हाकलून देल्लं. सासू गोजरबाई म्हंते, ती वांझ गेली अन् तिची सावली घरात राह्यली, म्हनून तूही तशीच निघाली. तिचं नावही काढू देत नाहीत घरात."

"कुठी असते ती?"

"कोन जाने? भावाच्या घरी भाकरी थापत असन. तशा बाईले दुसऱ्यांदा कोन करते?"

रुपालीनं डिक्शनरी मिटली.

"मी आज कबूल करून टाकतो, मॅडम," पूनम म्हणाली. "माहे वकील म्हनतात, अर्ज कबूल केला तर लवकर मोकळी होशीन. भांडाले माह्यापाशी हाये काय? डॉक्टरचा कागद देल्ला तर त्यायचा वकील म्हनन, खोटा हाये. गाव तर आताच वांझोटी म्हनून राह्यलं. कोर्टानं लिहून देल्लं का जलमभर तेच."

"थांब जरा."

रुपाली उठली आणि कोपऱ्यातल्या प्रिंटरपाशी गेली. मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला तिला वेळ लागला. सापडल्यावरही ती स्क्रीनकडे पाहत उभी राहिली. ग्रंथपालांच्या खोलीत जाऊन दोन मिनिटं बोलून आली. मग प्रिंटर घरघरला. एक कागद घेऊन ती परत आली आणि तिनं तो पूनमसमोर ठेवला.

नगरपालिकेचा जन्मदाखला होता. एका मुलीचा. चार वर्षांपूर्वीची तारीख. आईच्या नावापुढे लिहिलं होतं, रुपाली.

"तुमची पोरगी?"

"हाव."

"गोड नाव हाये." पूनमनं कागद दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि परत पुढे केला. "पन हे मले कायले दाखवून राह्यल्या?"

रुपालीनं कागद घेतला नाही. तिनं तो पूनमच्याच फाईलमध्ये सरकवला आणि आपली पर्स खांद्याला लावली.

"वकिलाले दे. अन् सांग, गजेंद्रची पहिली बायको साक्ष द्याले येऊन राह्यली."