कवयित्रीशी आपले नाते
बहिणीवर आपणच लिहिलेली कविता तिच्या शोकसभेच्या पत्रकात छापायला प्रकाशकाची परवानगी लागते, हे छापखान्यात कळताच कवयित्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक प्रकाशकाच्या ऑफिसात धडकली. खुर्चीत आता जुन्या मालकांचा मुलगा होता. “काकू, सगळे हक्क तुम्हीच लिहून दिलेत,” त्याने करार नाचवला. “तुझ्या वडिलांच्या भरवशावर न वाचता सही केली!” “अर्ज भरा, पंधरा दिवसांत कळवू.” “सभा उद्या आहे!” “नियमापुढे माझाही इलाज नाही.” अर्जातला पहिलाच रकाना होता: ‘कवयित्रीशी आपले नाते’. तिने दातओठ खाल्ले, कागद उलटला आणि कोऱ्या बाजूवर बहिणीसाठी नवी कविता एका दमात उतरवली. “झाला भरून? द्या इकडे,” त्याने हात पुढे केला. तिने कागद पर्समध्ये टाकला. “ही कविता करारात नाही. वाचायची असेल, तर अर्ज कर.”