थांबण्याएवढा वेळ

“माळेचा मेरुमणी आला की थांबायचं, ओलांडायचा नाही,” जप शिकवताना आई सांगायची. तिच्या मांडीला टेकून मी विचारायचे, “एवढ्याशा थांबण्यानं काय होतं गं?” ती हसून माळ उलटी फिरवायची.

आज इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये, शेजारचा अंकुर जवळजवळ तेच म्हणाला. “काकू, बंदुकीच्या मोठ्या मॅगझिनवर बंदी घालून काय होणार? बंदूक तर राहतेच ना!”

“लहान मॅगझिनमधल्या गोळ्या लवकर संपतात रे. मग ते बदलायला थांबावं लागतं. कॉलेजात गोळीबार करणारा तो माणूस मॅगझिन बदलायला थांबला, तेवढ्यात आमची हिमानी पळाली.”

माझ्या लेकीची मैत्रीण यामिनी मात्र आधीच्याच गोळ्यांत गेली. “बंदीच्या सुनावणीत तुम्ही बोलाल ना? मला नाही जमणार,” यामिनीच्या आईनं विचारलं होतं.

चारचौघांत कधी तोंड न उघडलेली मी गाडीची किल्ली घेऊन सुनावणीला निघाले.