चाळिसाव्या दिवसाचा कागद

नवऱ्याच्या कबरीवर दोंका रिवाजाप्रमाणे वाइन शिंपडत होती, तेवढ्यात रेल्वेची अधिकारी नकाशा घेऊन आली. मालगाड्यांचा नवा मार्ग इथूनच जाणार होता. कबरी हलवणार होते. “आम्हाला विचारलं कुणी?” “बैठक ठेवली होती, मावशी. तीन तास बसलो, चिटपाखरूही फिरकलं नाही. मग गावाची हरकत नाही असं नोंदवलं.” “कळवलं कुठे?” “दुकानापुढच्या फळ्यावर सूचना लावली होती.” “त्या फळ्यावर गाव फक्त मेलेल्यांचे फोटो बघतं, पोरी.” दोंका फळ्यापाशी गेली. मधोमध फोटोत तिचा नवरा हसत होता. तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचा हा श्रद्धांजलीचा कागद तिनेच खळ लावून डकवला होता. तिने नखाने कोपरा उचलला. खाली हिरवा कागद होता: इंजिनाचं चित्र, बैठकीची तारीख आणि ‘आपलं मत कळवा’. “काय आहे खाली?” दुकानदारणीने विचारलं. “काही नाही.” थुंकी लावून दोंकाने कोपरा परत चिकटवला.