बासवर बसवलेला चेलो

"अगं, नुसती ऐक," म्हणत इनासने आपला माणसापेक्षा उंच डबल बास बायकोच्या, फिलोमिनच्या खाटेजवळ उभा केला. संधिवाताने तिची बोटं वाकली, तेव्हापासून तिचा चेलो कपाटामागे पडून होता. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी ती त्यावर युरोपातल्या बारोक काळातली, तीनेकशे वर्षं जुनी एकच रचना वाजवायची. इनास मात्र त्या वेळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला तरी निघालेला असायचा, नाहीतर दमून झोपलेला.

रेकॉर्डिंगची कामं थांबल्यावर त्याने तिच्या नोटेशनच्या कागदांवरून तीच रचना बासवर बसवायला घेतली. चेलोवर जे सूर बोटांखालीच सापडतात, त्यांच्यासाठी बासवर अख्खा हात वरखाली पळवावा लागतो. पावसाळाभर त्याचा खांदा ठणकत होता, पण त्याने हट्ट सोडला नाही.

तो वाजवत होता तोवर फिलोमिन डोळे मिटून पडली होती. संपल्यावर ती हसली. "छान बसवलंस रे. फक्त शेवटाकडे घाई केलीस. मी तिथं जराशी थांबायचे, आठवतं ना?"

"हो तर," इनास म्हणाला आणि मान खाली घालून तारा पुसत बसला.

तिचं वादन त्याने शेवटपर्यंत एकदाही ऐकलं नव्हतं.